मागणाऱ्या रूथबाई

रूथबाई कुणाच्याही दारात गेल्या की आधी काहीतरी मागायच्या. "बरं हाय न्हवं?" हे नंतर, पोराबाळांची चौकशी त्याहून नंतर. घोटभर पाणी, गुळाचा खडा, चुलीतला एखादा निखारा, नाहीतर नुसतं सावलीला टेकू द्या, असलं काहीतरी मागणं पहिलं. मागताना आवाजात लाचारी नसे आणि ऐटही नसे. आपल्याच घरातल्या माणसाला हाक मारून सांगावं तसं त्या मागत. पैसा मात्र त्यांनी कधी कुणाकडे मागितला नाही. मिरजगावच्या आमच्या गल्लीतली पोरं त्यांना मागतीबाई म्हणत, आणि त्या ते ऐकून थांबत. "व्हय रं बाबा, मागतीच हाय मी. तुज्यापाशी काय हाय द्यायला?" पोरगं बिचारं खिसा चाचपून चिंचेचं बुटूक काढून देई. ती चिंच त्या तिथेच उभ्या राहून खात आणि आंबट लागली की डोळा मिटत.

रूथबाई मिशनच्या बायबलबाई होत्या. घरोघरी जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, नव्यांना प्रार्थना शिकवायची, आजाऱ्यापाशी बसायचं, हे त्यांचं काम. मूळच्या त्या श्रीगोंद्याकडच्या एका गावच्या महारवाड्यातल्या. जुन्या मोठ्या दुष्काळात आईबाप गेले आणि त्या नगरला मिशनच्या अनाथ मुलींत वाढल्या. मी पाहिल्या तेव्हा पन्नाशीला आलेल्या, अंगाने रुंद, मिश्रीने दात काळे झालेले, नऊवारी लुगडं, खांद्याला एक कापडी पिशवी आणि काखेत काळी छत्री. ती छत्री त्या उन्हात उघडत नसत आणि पावसात ती आपण होऊन उघडत नसे. मिश्री सोडा म्हणून मिशनच्या मडमेने त्यांना पुष्कळ सांगून पाहिलं. "मडमसाब, पाप आसंल तर देव बगून घील, आन् वास येत आसंल तर तुमी वाईच लांब बसा," असं त्यांनी तिला उत्तर दिल्याचं मी ऐकलं आहे. खरंखोटं त्या दोघी जाणोत.

मला बाप्तिस्मा दिला पाद्रीसाहेबांनी, पण ख्रिस्ती केलं ते रूथबाईंनी. ते कसं, हेच सांगायचं आहे.

लढाईचे दिवस होते. आम्ही जातीने शिंपी. कापड रेशनवर गेल्यामुळे आमच्या ह्यांचं मशीन निम्मा दिवस झाकलेलंच असे. अशात नगरला मिशनच्या शाळेतल्या मुलांचे कपडे शिवायचं काम मिळालं. हे अधूनमधून तिकडे राहू लागले आणि एक दिवस उरल्यासुरल्या चिंध्यांच्या गाठोड्याबरोबर हा नवा विश्वास घरी घेऊन आले. पुष्कळ दिवस मनाशीच घोळवला. मग मला म्हणाले, "मी ठरवलंय. तुला यायचं तर ये. न्हाई आलीस तरी मी रागावनार न्हाई." मी गेले. खोटं कशाला सांगू, मी देवासाठी गेले नव्हते, नवऱ्यासाठी गेले. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा थंडी वाजली, एवढंच मला त्या दिवसातलं आठवतं.

माझी आई आमच्याच गल्लीत, चार घरं पलीकडे राहायची. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. तिने लोकांच्या चोळ्या शिवून मला आणि धाकट्या भावाला वाढवलं, आणि त्या सगळ्या काळात कुणाच्या दारात वाटी घेऊन कधी गेली नाही. घरातलं मीठ संपलं तर आम्ही अळणी खायचो. "आपन कुनाकडं मागत न्हाई," हे वाक्य आमच्या घरी देवाच्या आरतीइतक्या वेळा म्हटलं जाई. आमच्या बाप्तिस्म्याची बातमी कळली तेव्हा तिने आदळआपट केली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. फक्त बोलणं टाकलं. मी समोरून आले की ती पाठ फिरवायची आणि दावणीच्या म्हशीशी बोलायची. "काय गं, तुला तरी कळतंय का आईचं मन?" असं ती म्हशीला विचारायची, आणि आवाज असा लावायची की चार घरं अलीकडे माझ्या घरातही ऐकू जावं.

संक्रांतीला मला राहवेना. मी तिळाचे लाडू केले आणि शेजारच्या मुलीच्या हाती ताटली पाठवली. ताटली घासूनपुसून परत आली. लाडू आईने म्हशीला घातले होते. म्हैस मात्र नाही म्हणाली नाही.

त्याच सुमारास पाद्रीसाहेबांनी मला रूथबाईंच्या हवाली केलं. त्या पहिल्या दिवशी आल्या आणि ओट्याखालूनच म्हणाल्या, "सगुने, सुईदोरा मिळंल का? छत्री उसवलीय माजी."

मी आतून रीळ आणलं, त्यात सुई खोचली आणि लांबूनच त्यांच्या पदरात टाकलं. बाप्तिस्मा झाला होता खरा, पण हात अजून जुनेच होते. शिवाशीव होऊ नये अशा बेताने ते आपोआप आखडले. रूथबाईंनी रीळ झेललं आणि ओट्यावर बसून छत्री शिवायला लागल्या. काय ते शिवणं! एक टाका पुण्याला, एक नगरला. मी शिंप्याची लेक आणि शिंप्याची बायको. थोडा वेळ दाराला टेकून पाहिलं, मग मला ते सोसेना. "आना हिकडं," म्हणून मी त्यांच्या हातातून छत्री ओढून घेतली, त्यांच्या शेजारी बसले आणि पट्टी नीट दुमडून शिवून दिली. गुडघ्याला गुडघा लागला होता, ते माझ्या ध्यानातही नव्हतं. छत्री काखेत मारून रूथबाई उठल्या. "झाली आजची शिकवनी," म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी वाट पाहत होते की आता त्या पुस्तक काढतील.

पुस्तकातलं त्यांनी पुढे शिकवलं. प्रश्नोत्तरं होती, आज्ञा होत्या, प्रभूची प्रार्थना होती. मला पाठांतर चांगलं येई, त्यामुळे मी सगळं भराभर पाठ करून त्यांना धडाधड म्हणून दाखवायची. त्या मिश्री लावत ऐकायच्या. "चांगलं हाय. पन रांगायच्या आदी पळाया लागू नगस," म्हणायच्या. मला ते कळत नसे. मला वाटे, बाईला माझी हुशारी पाहवत नाही.

आमच्याकडे रीत अशी होती की नव्याने विश्वासात आलेल्या बाईने बायकांच्या सभेत एकदा उभं राहून आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. पाठ केलेली चालत नसे. सभा मिशनच्या देवळाच्या बाजूच्या खोलीत भरे, दहाबारा बायका, त्यांची तान्ही पोरं. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले, डोळे मिटले आणि देवाचे उपकार मानायला लागले. ऊन दिलंस म्हणून उपकार, पाणी दिलंस म्हणून उपकार, मशीन दिलंस म्हणून उपकार. पुढे शब्द सुचेना, तेव्हा सुईचेही उपकार मानले. मग आमेन म्हणून खाली बसले. बायका चांगलं झालं म्हणाल्या.

घरी परतताना रूथबाईंनी मला गाठलं. "सगुने, तू नुसती उपकार मानून उठलीस. मागितलं काईच न्हाई."

"मागायचं काय? हाय की सगळं."

"सगळं हाय? आन् रोज आईच्या दाराकडं बगून डोळं पुसतीस ते काय कांद्यानं?"

मी चिडले. म्हटलं, "आमच्या घरात मागायची रीत न्हाई. आईनं आमाला शिकवलंच न्हाई कधी."

रूथबाई रस्त्यातच थांबल्या, छत्री जमिनीवर टेकली आणि मला त्यांच्या आवडीची गोष्ट सांगितली. ती त्या सगळ्यांना सांगत, पण त्या दिवशी मला सांगितली तशी कुणाला सांगितली नसेल. "प्रभू चालून चालून दमला आन् हिरीवर बसला. भर दुपार. तिथं एक बाई पानी भराया आली, परक्या जातीची. तिच्या हातचं ह्याच्या लोकान्ला चालत न्हवतं. ह्यो तिला म्हनला, बाई, पानी दे. देव असून मागितलं की गं त्यानं. आन् तू शिंपीन असून मागंना?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, मागेन, पण आई माझ्या हातचं काही घेत नाही, लाडूसुद्धा घेतले नाहीत. तेव्हा रूथबाईंनी मला आमच्याच जातीची रीत समजावून सांगितली, जी मी जन्मभर पाळली होती पण कधी उलटून पाहिली नव्हती. "तुज्या आईला तुज्याकडनं घ्यायला बाट हाय. तुला द्यायला काय बाट हाय? तिला घेता येत न्हाई आन् तू लाडू दिऊन बसलीस. तिला देता येतंय, तर तू मागत न्हाईस. जा, दही मागून आन. इरजनापुरतं."

मी त्याच दिवशी गेले. दूध नुकतं तापवून ठेवलं होतं आणि संध्याकाळ झाली होती. आता दिवे लागल्यावर दही, मीठ कुणाला देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मी आता ख्रिस्ती झाले होते, आणि असल्या गोष्टींना घाबरायचं नाही हे नवं नवं शिकले होते. नवं शिकलेलं कधी वापरू असं झालं होतं. मी आईच्या दारात उभी राहून म्हटलं, "आई, इरजन दे."

आईने देवाजवळ दिवा लावला होता. ती वळली आणि कित्येक महिन्यांनी माझ्याशी बोलली. "दिवेलागनीला दही मागाया आलीस? तुज्या नव्या देवानं येवढी बी रीत ठिवली न्हाई व्हय?" आणि दार लावून घेतलं.

मी रडत रूथबाईंच्या खोलीवर गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रथम हसल्या. "म्हशीशी न्हाई बोलली न्हवं? तुज्याशी बोलली न्हवं? मंग झालं की काम." नंतर मात्र त्यांनी माझी चांगली कानउघाडणी केली. "तुला सकाळ आन् दिवेलागन आता सारकी झाली आसंल. तिला न्हाई झाली. तुजं सुटलं म्हनून दुसऱ्याच्या उरावर नाचायचं नसतं. मागनाऱ्यानं देनाऱ्याच्या येळंला जावं. उद्या सकाळी जा."

सकाळी गेले. इरजन मागितलं, तशी आई आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि उंबऱ्याबाहेर एक पळसाच्या पानांचा द्रोण ठेवून परत आत गेली. द्रोणात दही होतं. वाटीत दिलं असतं तर वाटी परत घ्यावी लागली असती. माझ्या हातची वाटी तिच्या घरात जायला नको, म्हणून ती द्रोण लावत बसली होती. माझ्या मनाला ते फार लागलं. रूथबाईंना दाखवलं तर त्यांनी द्रोणात बोट बुडवून चाटलं. "द्रोन तर द्रोन. दही गोड हाय का न्हाई?" दही गोड होतं. आमच्या आईसारखं दही मिरजगावात कुणाचं लागत नसे. ते मी दुधाला लावलं, आणि पुढे रोज त्यातलंच चमचाभर काढून दुसऱ्या दिवशीच्या दुधाला. तेव्हापासून आमच्या घरातलं दही आईच्या घरचं झालं.

पुढच्या सभेत मला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन उठले. "देवा, माझी आई माझ्या दारात येऊ दे. येवढं दे," एवढंच म्हटलं. उपकार मानायचे राहूनच गेले. रूथबाई इतक्या मोठ्यांदा आमेन म्हणाल्या की एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. मला विचाराल तर माझा बाप्तिस्मा त्या दिवशी झाला. नवऱ्याच्या मागून आलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पायांनी देवाच्या दाराशी गेले होते, आणि हातात काही घेऊन गेले नव्हते.

त्यानंतर रूथबाईंनी मला मागायच्या कामालाच जुंपलं. कधी आईच्या दारचा कढीपत्ता, कधी सूप, कधी चुलीला निखारा. मी मागायची आणि आई द्यायची. पहिल्यांदा मुक्याने द्यायची. मग "घे" म्हणू लागली. मग हळूहळू कुरकुर सुरू झाली. "येवढी मोहरी बी घरात ठिवत न्हाईस? संसार कसा करतीस कुनाला ठावं." ती कुरकुर ऐकून मी आनंदाने घरी यायची. हे हसायचे. म्हणायचे, "तुझ्या आईनं तुला बोल लावला की तुझं जेवन वाढतं." सूपसुद्धा ती उंबऱ्याबाहेर ठेवी आणि परत केलं की पाणी शिंपडून आत घेई. पण घेई, हे मी रूथबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पानी शिंपडू दे की. सूप लाकडाचं थोडंच हाय कुजाया." सूप बांबूचं असतं आणि कुजतं, पण मी त्यांना ते सांगितलं नाही.

एक दिवस त्या आमच्याकडे आल्या असताना चष्मा काढून द्यायला मला त्यांच्या पिशवीत हात घालावा लागला. आत चित्रांची गुंडाळी होती, मिश्रीची डबी होती, गुळाची पुडी होती, आणि एक सुईदोऱ्याचं रीळ होतं. चांगलं वापरातलं, जुनं रीळ. मी ते हातात धरून विचारलं, "हे तवा बी होतं व्हय पिशवीत?"

"होतं की."

"मंग माझ्याकडं कशापायी मागितलं?"

"मागितलं नसतं तर तू माज्या शेजारी येऊन बसली असतीस का?" त्या म्हणाल्या आणि चष्मा नाकावर चढवला. "मानसाला काई दिऊन जवळ आनता येत न्हाई गं. त्याला वाटतंय, हा मोठा, मी ल्हान. त्याच्याकडं मागावं. मंग तो आपल्याला पाट सरकावतो."

रूथबाई आईच्याही दारावरून जायच्या आणि अर्थातच तिथेही मागायच्या. पाणी. आई तांब्या आणायची आणि वरून धार धरायची, रूथबाई ओंजळीने प्यायच्या, तोंड पुसायच्या आणि "बरं वाटलं बगा आक्का," म्हणून पुढे जायच्या. देवाधर्माचा शब्द काढायच्या नाहीत. गल्लीत बाकी सगळ्यांना गोष्टी सांगणारी बाई आपल्याच दारात गप्प का, हे आईला सलायला लागलं. शेवटी एकदा धार धरता धरता तीच म्हणाली, "तुमी समद्यांला गोष्टी सांगता म्हनं. मला काई सांगत न्हाई."

"तुमी इचारलंच न्हाई, आक्का," रूथबाई म्हणाल्या.

आता आली का पंचाईत. कुणाकडे काही न मागणाऱ्या बाईला गोष्ट मागायची वेळ आली. आई तांब्याकडे पाहत म्हणाली, "मंग सांगा." रूथबाईंनी तिला विहिरीवरचीच गोष्ट सांगितली. आईने ती सबंध ऐकली. ती परकी बाई, भर दुपार, मागणारा प्रभू, सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "त्या बाईनं पानी दिलं का शेवटाला?"

रूथबाई इतकी वर्षं ही गोष्ट सांगत होत्या, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मनात सगळी गोष्ट पुन्हा म्हणून पाहिली. "ते काई लिवलेलं न्हाई, आक्का," त्या म्हणाल्या.

"मंग अर्धीच हाय की गोष्ट," आई म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

रूथबाई तशाच माझ्याकडे आल्या. मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. आल्याबरोबर पाणीसुद्धा मागायचं विसरल्या. पाद्रीसाहेबांना विचारलं, तर तेही हसून म्हणाले की बाई, खरंच लिहिलेलं नाही. पुढे कितीतरी दिवस रूथबाई मधेच म्हणायच्या, "तुजी आई लई खोलातली हाय गं. पानी दिलं का न्हाई, ह्ये बगितलं पायजे हुतं." जणू त्या स्वतः त्या विहिरीवर होत्या आणि नेमकं त्या वेळी त्यांचं दुसरीकडे लक्ष गेलं होतं.

अशी काही वर्षं गेली. लढाई संपली, कापड थोडं सुटलं, आमचं मशीन पुन्हा दिवसभर चालू लागलं. मी सभेत आता न घाबरता प्रार्थना करत असे आणि नवीन आलेल्या बायकांच्या शेजारी बसत असे. आई माझ्याशी बोलत होती, मला देत होती, मधल्या काळात झालेल्या माझ्या मुलीला झबलं शिवून दिलं होतं. पण माझ्या दारात ती कधी आली नाही, आणि माझ्या घरातलं तिच्या घरात काही गेलं नाही. मी मागणं सोडलं नव्हतं. रोज तेच म्हणायची, "येवढं दे." रूथबाईंना मी एकदा विचारलं, देव ऐकतो ना, मग इतका उशीर का? त्या म्हणाल्या, "म्या कुटं इतक्या लांबचं बगितलंय? मला मागन्यापातूर येतंय. पुढचं त्याचं त्यो जानं."

एका थंडीत त्या आजारी पडल्या. ताप आणि खोकला. मी रोज जाऊन बसत असे. बोलायला त्रास व्हायचा, तरी मी दारात दिसले की हात पुढे करायच्या. "वाईच पानी दे गं." मी फुलपात्र त्यांच्या ओठाला लावायची. उशाशी भरलेला तांब्या असे, त्यांच्या हाताला येईल असा. तरी मी येईपर्यंत त्या थांबून राहायच्या. पुढे एका पहाटे त्या गेल्या. सबंध गावातली माणसं मातीला आली, चिंचा देणारी पोरंही आली, त्यांना आता मिसरूड फुटलं होतं. आई आली नाही. मी तिला बोलावलं नव्हतं आणि ती येईल असं मला वाटलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे नुसती बसून होते. चूल पेटवली नव्हती. हे मुलीला घेऊन बाहेर गेले होते. दाराशी कुणीतरी आल्याचं वाटलं म्हणून वर पाहिलं, तर आई. आमच्या ओट्यावर, उंबऱ्याच्या अगदी कडेला उभी. हातात पितळेची वाटी होती, आमच्या लहानपणची, काठाला पोचा असलेली.

"गेली म्हनं तुजी बाई," ती म्हणाली.

मी मान हलवली. सांत्वन करायची आईला सवय नव्हती. तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा वाटीकडे पाहिलं आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"इरजन हाय का घरात? वाईच दे."

मी उठले. वाटी घेताना मला तिचा हात दिसला. त्यावर कोपरापर्यंत ताकाचे ताजे शिंतोडे उडाले होते, आणि बोटांना पांढरा फेस चिकटला होता. ती ताक करता करता रवी तशीच टाकून उठून आली होती. घरी तिच्याकडे गाडगंभर दही होतं.

मडक्यातलं दही काढून वाटीत घातलं. ती वाकून पाहत होती. "भर की," म्हणाली, "हात का आखडतीस?" मी वाटी काठोकाठ भरली. माझ्या हातातून तिने ती आपल्या हातात घेतली, पाणी शिंपडलं नाही, आणि पदराखाली झाकली. ओट्यावरून उतरली, दोन पावलं गेली आणि थांबली.

"सगुने," ती पाठमोरीच म्हणाली, "त्या हिरीवरल्या बाईनं पानी दिलं आसंल गं."

आणि मग भराभर घराकडे गेली, कारण तिचं लोणी अजून काढायचं राहिलं होतं.